डेटा सायन्सची पहिली नोकरी: सांगली-साताऱ्यातून तयारी कोणत्या क्रमाने करायची

सांगली, मिरज, कराड, सातारा इथून डेटा सायन्सच्या मुलाखतींना जाणारी बरीच मुलंमुली एकाच ठिकाणी अडकतात. रिझ्युमेवर न्यूरल नेटवर्क असतं, चार-पाच सर्टिफिकेटं असतात. मुलाखत घेणारा मात्र एवढंच विचारतो, ‘या टेबलमधून प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर काढून दाखवा,’ आणि तिथे हात थांबतो. अभ्यास भरपूर झालेला असतो, पण उलट्या क्रमाने. आधी मॉडेल (जुन्या नोंदींवरून अंदाज बांधणारी गणितं), मग आकडेवारी आणि सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर, एसक्यूएल, म्हणजे टेबलांतून हवी ती माहिती काढायची भाषा.

खालचा क्रम नुकतीच पदवी झालेल्यांसाठी आणि एक-दोन वर्षं दुसरीकडे काम करून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. रोज दोन-अडीच तास देणार असाल तर सहा ते नऊ महिने धरून चाला. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासच्या फलकावर हा हिशेब बसणार नाही.

## टप्पा 1: कोणती नोकरी हवी ते आधी ठरवा

‘डेटा सायन्स’ या एका नावाखाली निदान चार वेगळी कामं येतात. डेटा ॲनालिस्ट एसक्यूएल, एक्सेल आणि पॉवर बीआयसारख्या आलेख-अहवालांच्या साधनांनी धंद्याच्या प्रश्नांची उत्तरं काढतो. डेटा इंजिनिअर माहिती एका जागेहून दुसऱ्या जागी नीट, वेळेवर आणि न गळता पोहोचवतो. डेटा सायंटिस्ट अंदाज बांधणारी मॉडेल तयार करतो आणि प्रयोगांचे निष्कर्ष काढतो. मशीन लर्निंग इंजिनिअर ती मॉडेल प्रत्यक्ष वापरात चालू ठेवतो, त्यामुळे त्याला प्रोग्रामिंग बरंच पक्कं लागतं.

नवख्या माणसाला पहिलं दार बहुतेक वेळा ॲनालिस्टचं किंवा एमआयएस एक्झिक्युटिव्हचं (रोजचे अहवाल तयार करणारा) उघडतं. त्यात कमीपणा काही नाही. साखर कारखाना, दूध संघ, पतसंस्था, कुपवाड किंवा सातारा एमआयडीसीतला कारखाना अशा ठिकाणी वर्षभर खऱ्या नोंदींवर काम केलेला उमेदवार पुण्यातल्या मुलाखतीत नुसत्या कोर्सवाल्यापेक्षा ठोस बोलतो.

ठरवायचं कसं? नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरून फ्रेशर किंवा 0 ते 2 वर्षं अनुभवाच्या 30 जाहिराती घ्या. प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं एका शीटमध्ये उतरवा आणि मोजा. वरची पाच-सहा कौशल्यं म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. बाकीचं नंतर.

सावधान: हे केल्याशिवाय कोणत्याही क्लासची फी भरू नका. स्वयम आणि एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे पायथन, संख्याशास्त्र, डेटाबेस या विषयांचे कोर्स मोफत शिकता येतात. फी लागते ती फक्त परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला लेखी विचारा: मागच्या बॅचमधले किती जण, कोणत्या पदावर, किती पगारावर लागले? उत्तर गोलमोल आलं तर उठून या.

## टप्पा 2: सामान आणि सवय

8 जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्यासाठी घरच्यांना कर्ज काढायला लावू नका. जड काम गूगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमधून गूगलच्या संगणकांवर, मोफत होतं. पायथन, ज्युपिटर (पायथन लिहायची वही, म्हणजे नोटबुक), पोस्टग्रेस (एसक्यूएलच्या सरावाला डेटाबेस) आणि गिट (फाइलमधले बदल जपणारं साधन) एवढं लावून घ्या.

सवय एकच लावायची. नोटबुक बंद करण्याआधी कर्नल (आत कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळे सेल (कोडचे तुकडे) वरून खाली एकदा चालवा. सेल मागेपुढे चालवून आलेलं उत्तर दुसऱ्याच्या संगणकावर येत नाही, आणि मुलाखतीत स्क्रीन शेअर करताना नेमकं हेच उघडं पडतं.

## टप्पा 3: एसक्यूएल आधी, मग पायथन

एसक्यूएलला सहा ते आठ आठवडे द्या. जॉइन (टेबलं जोडणं), ग्रुप बाय (गट पाडणं), हॅविंग (गटांवर अट), सबक्वेरी (क्वेरीच्या आत क्वेरी) आणि विंडो फंक्शन (ओळी तशाच ठेवून गटात हिशेब) इथपर्यंत हात बसला पाहिजे. सुरुवातीला दिलेला शेवटच्या ऑर्डरचा प्रश्न रो-नंबर या विंडो फंक्शनने सुटतो: ग्राहकानुसार गट पाडायचे, तारखेने उलटा क्रम लावायचा आणि पहिली ओळ उचलायची. पाहून कळणं आणि कोऱ्या पानावर लिहिता येणं यात फार अंतर आहे, म्हणून हे हाताने लिहून सराव करा.

मुलं ज्या ठिकाणी हमखास चुकतात ती ठिकाणं अशी:

1. लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी ठेवणारा) केला आणि उजव्या टेबलच्या कॉलमवर व्हेअरमध्ये अट टाकली. जुळणी न झालेल्या ओळी त्या अटीत गळतात आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) होऊन बसतो. ती अट जॉइनच्या ऑनमध्ये हवी.
2. एका ग्राहकाला अनेक ऑर्डर आणि एका ऑर्डरला अनेक हप्ते असताना सगळं जोडून बेरीज मारली. ओळी दुबार होतात, रक्कम फुगते. आधी हप्त्यांची बेरीज ऑर्डरप्रमाणे करून घ्या, मग जोडा.
3. नल (माहिती नसलेली रिकामी जागा) बरोबरच्या चिन्हाने तपासलं. तिथे ‘इज नल’ लागतं. ‘नॉट इन’च्या यादीत एक जरी नल असेल तरी उत्तरात एकही ओळ येत नाही. हा सापळा मुलाखतीत मुद्दाम लावतात.
4. काउंट-स्टार सगळ्या ओळी मोजतो, कॉलमचं नाव दिलेला काउंट नल सोडून मोजतो. फरक माहीत नसतो.

पायथनमध्ये आधी लिस्ट, डिक्शनरी, फंक्शन, फाइल वाचणं, मग पांडाज (टेबलांवर काम करायची पायथनची लायब्ररी). एआय साधनांची मदत घ्या, पण जी ओळ का लिहिली ते सांगता येत नाही ती ओळ तुमच्या फाइलमध्ये ठेवू नका.

तपासा: तीन टेबलं समोर ठेवून, इंटरनेट बंद करून, 20 मिनिटांत मध्यम अवघड दोन क्वेरी लिहिता येतात का? येत नसतील तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा 4: संख्याशास्त्र, पण कामापुरतं आणि पक्कं

मीन आणि मीडियन यांत कुठे काय वापरायचं, प्रमाणित विचलन, संभाव्यता, बेजचा नियम, सॅम्पलिंग, विश्वास अंतराल (कॉन्फिडन्स इंटर्व्हल), हायपोथेसिस टेस्ट आणि रेषीय व लॉजिस्टिक रिग्रेशन. फ्रेशरच्या मुलाखतीला बहुतेक ठिकाणी एवढं पुरतं.

पी-व्हॅल्यूची व्याख्या दहापैकी नऊ जण चुकीची सांगतात, असं मला वाटावं इतक्या वेळा ती चुकीची ऐकू येते. ‘गृहीतक खरं असण्याची शक्यता’ म्हणजे पी-व्हॅल्यू नव्हे. फरक मुळीच नाही असं मानलं, तर आपल्याला मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, ते ती सांगते. हे वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत घोटा.

चुकायची दुसरी जागा म्हणजे ॲक्युरसी, म्हणजे शंभरपैकी किती अंदाज बरोबर आले. समजा एका पतसंस्थेच्या 1,000 कर्जांपैकी 30 थकली. ‘कोणीच थकणार नाही’ असं डोळे मिटून सांगणाऱ्या मॉडेलची ॲक्युरसी 97 टक्के येते आणि ते संस्थेच्या काडीच्या उपयोगाचं नसतं. दुसऱ्या मॉडेलने 50 कर्जांवर बोट ठेवलं आणि त्यांतली 20 खरोखर थकली, तर त्याचं प्रिसिजन (बोट ठेवलेल्यांत खरोखर थकलेली) 40 टक्के, रिकॉल (सगळ्या थकलेल्यांत पकडलेली) सुमारे 67 टक्के. यांतलं काय जास्त महत्त्वाचं, हे थकलेल्या कर्जाचा तोटा आणि चांगल्या कर्जदाराला विनाकारण नाकारण्याचा तोटा यांवर ठरतं. मुलाखतीत हा शेवटचा भाग स्वतःहून बोललात तर समोरचा पेन खाली ठेवून ऐकतो.

## टप्पा 5: एकच प्रकल्प, पण तळापर्यंत

टायटॅनिकचे प्रवासी आणि आयरिसची फुलं हे तयार नमुना-डेटा सरावाला ठीक आहेत, रिझ्युमेवर नकोत. ते प्रत्येकाकडे असतात. आपल्या अवतीभवती इतकी माहिती आहे की बाहेर जायची गरज नाही. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय रोजची आवक आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर मिळतात. केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवरही मिळतात. सांगलीच्या मुलाने हळद घ्यावी, तासगावच्याने बेदाणा. ज्या मालाबद्दल घरी किंवा शेजारी विचारता येतं तोच निवडा.

हळदीचं उदाहरण पूर्ण करून दाखवतो, कारण चुका इथेच होतात.

प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘हळदीच्या दराचं विश्लेषण’ हा प्रश्न नाही. ‘आजपर्यंतची आवक आणि दर माहीत असताना सांगली बाजारातला पुढच्या आठवड्याचा सर्वसाधारण दर किती जवळचा सांगता येतो?’ हा प्रश्न आहे. यात कधी, कुठे, काय आणि कशावरून हे चारही आलं.

माहिती साफ करा. रविवारी आणि सुट्टीला सौदे नसतात. त्या दिवसांची ओळच नसते किंवा आवक शून्य असते. तिथे दर शून्य धरलात तर आलेख खड्ड्यात जातो. ‘हळद’, ‘हळकुंड’, ‘राजापुरी’ अशा वेगवेगळ्या नावाच्या नोंदी डोळे मिटून एकत्र करू नका. कोणता माल कशात धरतात ते एखाद्या अडत्याला विचारा. युनिट क्विंटल आहे का तेही पाहा. एखादा दर अचानक दहापट दिसला तर बहुधा शून्य जास्त पडलेलं असतं. तो काढला तर का काढला ते लिहून ठेवा.

सरासरी काढताना आवक विसरू नका. समजा एका दिवशी 100 क्विंटल 14,000 रुपयांनी गेली आणि दुसऱ्या दिवशी 900 क्विंटल 12,000 रुपयांनी. नुसती सरासरी 13,000 येते. आवकेचा भार धरून काढलेली सरासरी 12,200. शेतकऱ्याच्या हातात काय पडलं ते दुसरा आकडा सांगतो.

मॉडेलच्या आधी तुलनेचा पाया ठरवा. ‘पुढच्या आठवड्यात दर या आठवड्याइतकाच राहील’ हा सगळ्यात साधा अंदाज. त्याची सरासरी चूक रुपयांत काढा. तुमचं मॉडेल याहून कमी चुकलं तरच ते मॉडेल. दरांच्या बाबतीत या साध्या अंदाजाला हरवणं बरंच अवघड जातं. नाही हरवता आलं तर तसंच लिहा आणि कारण शोधा. मुलाखतीत हे प्रामाणिक उत्तर 99 टक्क्यांच्या ॲक्युरसीपेक्षा जास्त टिकतं.

कालक्रमाने भाग पाडा. जुनी वर्षं शिकायला, नंतरचं वर्ष तपासायला. ओळी पिसून सरमिसळ भाग पाडले तर मॉडेल उद्याचा दर पाहून कालचा ओळखतं आणि निकाल खोटा चांगला येतो.

गळती शोधा, म्हणजे उत्तर आधीच फोडणारी माहिती मॉडेलमध्ये शिरली आहे का ते पाहा. त्याच दिवसाच्या जास्तीत जास्त दरावरून त्याच दिवसाचा सर्वसाधारण दर ‘सांगणारी’ मॉडेल मी अनेकदा पाहिली आहेत. अंदाज बांधायच्या क्षणी तो आकडा हातात असतो का, हा प्रश्न प्रत्येक कॉलमला विचारा. ज्या आठवड्याचा अंदाज बांधायचा त्याचे दर चलत्या सरासरीत शिरले असतील तर ती अंदाज बांधायच्या दिवसापर्यंत मागे सरकवा. स्केलिंग (आकडे एका मापात आणणं) आणि रिकाम्या जागा भरणं हे फक्त शिकवायच्या भागावरून ठरवा, मग तपासणीच्या भागाला लावा.

साताऱ्याकडच्यांना पाण्याचा विषय जवळचा. कोयनेतून विसर्ग वाढला की किती तासांनी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढतं? तिथे 40 फूट इशारा पातळी आणि 45 फूट धोका पातळी, म्हणजे कामाला अर्थ आहे. पण पाऊस धरणाच्या वर पडतो तसा खालच्या पाणलोटातही पडतो, आणि तो दोन्ही आकडे एकाच वेळी वाढवतो. फक्त विसर्ग आणि पातळी यांचा सहसंबंध काढून ‘विसर्गामुळेच’ म्हणालात तर पहिल्याच प्रश्नात अडकाल. पावसाचे आकडे सोबत घ्या.

तपासा: प्रकल्प हळदीच्या व्यापाऱ्याला किंवा घरातल्या मोठ्यांना पाच मिनिटांत मराठीत समजावून सांगा. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न लिहून ठेवा. मुलाखत घेणारा बहुतेक तोच विचारेल.

## टप्पा 6: गिटहब आणि रिझ्युमे

गिटहबवर (कोड ठेवायचं संकेतस्थळ) एक-दोन नीट रिपॉझिटरी (प्रकल्पाचे फोल्डर) पुरतात. वरच्या माहितीपत्रात (रीडमी फाइल) प्रश्न, माहिती कुठून घेतली, काय केलं, निकाल काय आणि मर्यादा कोणत्या एवढं अर्ध्या पानात. कच्च्या फाइलमध्ये कोणाचे फोन नंबर किंवा खाते क्रमांक असतील तर ती फाइल वर टाकू नका. पतसंस्थेतल्या मित्राने ‘सरावासाठी’ दिलेली खरी यादी तर अजिबात नाही.

रिझ्युमे एका पानाचा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, छंद, डिक्लरेशन हे सगळं काढा. ‘पायथनमध्ये हळद दराचे विश्लेषण केले’ याऐवजी असं लिहा: ‘सांगली बाजार समितीच्या पाच वर्षांच्या रोजच्या नोंदी स्वच्छ केल्या, आठवड्याच्या दराच्या अंदाजातली सरासरी चूक साध्या अंदाजाच्या तुलनेत इतकी कमी केली.’ आकडा तुमचा, खरा आणि काढून दाखवता येणारा हवा.

सावधान: ज्या साधनाचं नाव रिझ्युमेवर आहे त्यावर दहा मिनिटं प्रश्न झेलता आले पाहिजेत. टेन्सरफ्लो (न्यूरल नेटवर्कसाठीचं साधन) फक्त एका व्हिडिओत पाहिलं असेल तर नाव काढा.

## टप्पा 7: अर्ज

एका दिवसात शंभर ठिकाणी तोच रिझ्युमे टाकण्यापेक्षा आठवड्याला 10 ते 15 अर्ज जाहिरात वाचून करा. कंपनी, पद, तारीख, पाठवलेला रिझ्युमे आणि उत्तर यांची शीट ठेवा. महिनाभर एकही फोन आला नाही तर दोष रिझ्युमेत किंवा पदाच्या निवडीत आहे. फोन येतात पण पहिल्या फेरीत गळता, तर एसक्यूएलकडे परत जा. शेवटच्या फेरीत गळता, तर बोलण्याचा सराव हवा. कॉलेजचे माजी विद्यार्थी सगळ्यात उपयोगी पडतात. त्यांना ‘नोकरी लावा’ म्हणू नका. आपला प्रकल्प पाठवा आणि एखादा नेमका प्रश्न विचारा.

नोकरीसाठी नोंदणी फी, ट्रेनिंगची अनामत किंवा लॅपटॉपचे पैसे मागणारा फोन ठेवून द्या. खरी कंपनी पैसे देते, मागत नाही.

## टप्पा 8: मुलाखत

फेऱ्या साधारण अशा असतात: ऑनलाइन चाचणी, समोर बसून एसक्यूएल-पायथन, प्रकल्पावर चर्चा, एखादा व्यवसायाचा प्रश्न आणि एचआर.

प्रकल्पावर बोलताना दीड मिनिटाचं उत्तर तयार ठेवा, पाठ करू नका. प्रश्न काय होता, कोणासाठी, माहितीत काय अडचण होती, काय ठरवलं आणि का, निकाल किती, पुढे काय करता येईल. मग उलटतपासणी सुरू होते: हेच मॉडेल का? चूक कोणत्या महिन्यांत जास्त आली? नवीन हळद बाजारात येते त्या काळात अंदाज बिघडतो का? पाच वर्षं का घेतली, दहा का नाही? अशा निदान वीस प्रश्नांची यादी स्वतः करा आणि मित्राला विचारायला लावा.

व्यवसायाचा प्रश्न बहुधा असा येतो: ‘ॲपवरच्या ऑर्डर गेल्या आठवड्यात 10 टक्के घटल्या, कारण शोधा.’ इथे लगेच कारणं सांगायला सुरुवात करणं ही मोठी चूक. आधी विचारा: ऑर्डर म्हणजे दिलेली की पोहोचलेली? तुलना कशाशी, मागच्या आठवड्याशी की मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी? मग नोंदणीतच बिघाड नाही ना, ते. नंतर शहर, नवे-जुने ग्राहक, फोनचा प्रकार असे तुकडे पाडून घट एकाच ठिकाणी आहे की सगळीकडे ते पाहा. त्यानंतर ॲपमधला बदल, दर, सण, पाऊस यांकडे वळा. उत्तरापेक्षा हा क्रम पाहिला जातो.

उत्तर येत नसेल तर ‘हे मी वापरलेलं नाही; पण मला वाटतं ते असं चालत असावं, कारण…’ असं सांगा. ठोकून दिलेलं उत्तर पुढच्या दोन प्रश्नांत पकडलं जातं. ऑनलाइन फेरीत दुसऱ्या पडद्यावरून वाचणाऱ्याचे डोळे लगेच कळतात.

इंग्रजीची भीती मराठी माध्यमातल्या हुशार मुलांना विनाकारण मागे ठेवते. आधी उत्तर मराठीत मांडून पक्कं करा. मग तेच छोट्या इंग्रजी वाक्यांत, मोबाइलवर रेकॉर्ड करून. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं जड जातं, तरी ऐका. उच्चार कोल्हापुरी-सांगलीचे राहिले तरी चालतात. वाक्य अर्धवट सोडलेलं मात्र चालत नाही.

व्यवस्था: ऑनलाइन मुलाखत असेल तर वीज आणि नेट गेलं तर काय, हे आदल्या दिवशी ठरवा. लॅपटॉप पूर्ण चार्ज, दुसऱ्या कंपनीच्या सिमचं हॉटस्पॉट, घरच्यांना वेळ सांगून ठेवणं. पुण्यात प्रत्यक्ष जायचं असेल तर सकाळच्या एसटीवर अवलंबून राहू नका. खंबाटकी घाटात वाहतूक अडली की दोन तास जातात. आदल्या संध्याकाळीच पोहोचा.

तपासा: प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच दिवशी सगळे प्रश्न लिहून काढा. न आलेला प्रश्न पुढच्या मुलाखतीआधी सोडवलेला हवा.

## टप्पा 9: ऑफर हातात आल्यावर

सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आणि हातात पडणारा पगार यांत फरक असतो. महिन्याला खात्यात किती येणार, बदलता भाग किती आणि तो कधी मिळतो, हे एचआरला सरळ विचारा. पुण्यातलं खोलीभाडं, मेस आणि प्रवास वजा करून पाहा. पदाचं नाव डेटा सायंटिस्ट असलं तरी रोजचं काम काय, टीममध्ये शिकवणारं कोणी आहे का, हेही विचारा. पहिल्या नोकरीत दोन-तीन हजारांपेक्षा याला जास्त वजन द्या, असं माझं मत आहे.

ऑफर लेटरमधली बाँडची मुदत, प्रोबेशन आणि नोटीस पिरियड सही करण्याआधी घरच्या कोणासोबत तरी बसून वाचा. ईमेल कंपनीच्या अधिकृत डोमेनवरून आला आहे का पाहा. कोणी मूळ मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्रं जमा करून घ्यायला सांगितलं, तर ती देऊ नका. पडताळणीला दाखवा, स्वाक्षांकित प्रती द्या आणि मूळ कागद सोबत घरी न्या.